कृषी संशोधनाचे सरकारी अहवाल: मी लिहायचो, तुम्ही कसे वाचाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मराठवाड्यातल्या एका साप्ताहिकासाठी लिहिता. कृषी विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, दिल्लीचा डेअर-आयसीएआरचा (केंद्राचा कृषी संशोधन व शिक्षण विभाग आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांचा) अहवाल आणि केव्हीकेचा, म्हणजे कृषी विज्ञान केंद्राचा, अहवाल असे तिन्ही तुम्ही चाळलेत. सगळीकडे वाण, शिफारशी, प्रशिक्षणं, लाभार्थी यांचे आकडे चढत्या भाजणीने. आणि गावात सोयाबीनचं बियाणं कोणतं विचारलं की माणसं अजून जेएस ३३५ हा जुनाच वाण सांगतात. मग हे अहवाल खोटे असतात का? आणि नसतील तर ते वाचायचे कसे?

मी एका कृषी विद्यापीठात सव्वीस वर्षं नोकरी केली. आधी कडधान्याच्या संशोधन केंद्रावर, आणि शेवटची नऊ वर्षं संशोधन संचालनालयात, जिथे सगळ्या केंद्रांची माहिती गोळा होऊन अहवाल तयार होतो. तुम्ही ज्यावर वैतागलाय त्यातलं पुष्कळसं माझ्याच हातचं असेल. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

अहवाल खोटे नसतात. त्यातला जवळपास प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या वहीतून आलेला असतो, आणि ऑडिटवाले आले तर ती वही काढून दाखवता येते. भानगड दुसरीकडे आहे. अहवाल सांगतो की आम्ही वर्षभरात काय केलं. तुम्ही विचारताय की गावात काय पोचलं. या दोहोंच्या मधे बियाणं, पैसा, मनुष्यबळ आणि तीन-चार हंगाम पसरलेले असतात, आणि या मधल्या मुलखावर अहवालात प्रकरणच नसतं. ते परिशिष्टांतून, मागच्या वर्षांच्या अहवालांतून आणि भलत्याच कार्यालयांच्या कागदांतून जुळवावं लागतं.

आधी अहवाल बनतो कसा ते पाहा. फेब्रुवारीतली दुपार, साधारण चार वाजता मेल येतो. विषयाच्या वर ‘अत्यंत तातडीचे’. सोबतच्या प्रपत्रात माहिती उद्या सकाळी अकरापर्यंत सादर करावी, माहिती निरंक असल्यास तसे नमूद करावे. ज्या शास्त्रज्ञाची माहिती हवी तो हरभऱ्याच्या प्लॉटमधे घाटे मोजत असतो. मग कार्यालयातला वरिष्ठ संशोधन सहायक गेल्या वर्षीची फाइल उघडतो, साल बदलतो, फोनवर विचारून आकडे घालतो. लक्ष्य ४०, साध्य ४२. साध्य नेहमी लक्ष्याच्या किंचित वर का असतं, याचं कोडं बाहेरच्यांना पडतं. आम्हाला कधी पडलं नाही. शंभराच्या खाली गेलं तर कारणमीमांसा लिहावी लागते, आणि एकशे तीस टक्के दाखवलं तर पुढच्या वर्षी लक्ष्यच वाढवून मिळतं. त्यामुळे एकशे दोन ते एकशे आठ टक्के हा सगळ्यांचा आवडता पट्टा. अहवालात एखादं केंद्र ७१ टक्क्यांवर दिसलं तर तिथे थांबा. तिथला माणूस खरं लिहितोय, आणि त्याने दिलेलं कारण वाचण्यासारखं असतं: मजूर मिळाले नाहीत, विहीर आटली, पद रिकामं होतं.

आता लाभार्थी. एकदा एका केव्हीकेची वर्षभराची हजेरीपत्रकं मी सहज शेजारी शेजारी मांडली. परसबाग, शेळीपालन, आळिंबी, गांडूळखत, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, मूल्यवर्धन. सातही पत्रकांवर एकीची सही, ‘र’ची शेपटी पार पुढच्या रकान्यात गेलेली. ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. प्रशिक्षण तिच्याच ओसरीवर व्हायचं, चहाही तिच्याच घरचा. अहवालात ती ‘सात शेतकरी महिला’ झाली होती. तिच्याबद्दल तक्रार नाही, सात प्रशिक्षणांतून ती खरोखर काहीतरी शिकली होती आणि तिच्या शेळ्या मी पाहिल्यात. पण तुम्ही जेव्हा ‘इतके हजार शेतकरी प्रशिक्षित’ असं वाचता तेव्हा ती माणसं मोजलेली नसतात, हजेऱ्या मोजलेल्या असतात. केव्हीकेकडे विचारायचा प्रश्न एवढाच: एकूण किती गावांतून, आणि त्यातली किती गावं गेल्या वर्षीही होती? मागे लागलात तर यादी मिळते.

पहिलं केव्हीके १९७४ साली पुदुच्चेरीत निघालं. आज देशात सातशेच्या वर आहेत आणि त्यांचा सगळा खर्च आयसीएआर करते, मग ते विद्यापीठाकडे असो वा एखाद्या संस्थेकडे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तिघांच्या केव्हीकेंचा हिशेब पुण्याच्या अटारीत, म्हणजे आयसीएआरच्या विभागीय कार्यालयात, गोळा होतो. त्यांच्या अहवालात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे प्रथमदर्शी प्रात्यक्षिकांचा (शेतकऱ्याच्याच शेतात नवं तंत्र करून दाखवण्याचा) तक्ता, आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते. समजा, तक्त्यात लिहिलंय: प्रात्यक्षिक हेक्टरी २२ क्विंटल, स्थानिक १७ क्विंटल, वाढ २९ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, नव्या वाणाने २९ टक्के जास्त दिलं. पण प्रात्यक्षिकवाल्या शेतकऱ्याला बियाणं, जिवाणू संवर्धक, फवारणीची औषधं असा सगळा संच फुकट मिळालेला असतो, आणि पंधरा दिवसांनी एक विषय विशेषज्ञ येऊन पानं उलटून बघत असतो. शेजारच्या ‘स्थानिक’ला यातलं काही नाही. मग ती वाढ वाणाची किती, खताची किती आणि लक्ष ठेवण्याची किती, हे त्या तक्त्यातून निघत नाही. प्लॉटही बहुधा एक एकराचा, आणि शेतकरी निवडलेला असतो तो होतकरू, रस्त्याकडेचा, ज्याचा फोटो चांगला येईल असा. मीही असेच निवडलेत.

तरी त्या तक्त्यात एक सोय असते. चांगले केव्हीके त्यात तंत्रज्ञान तफावत आणि विस्तार तफावत असे दोन रकाने देतात. वाणाची क्षमता वजा प्रात्यक्षिकातलं उत्पादन म्हणजे पहिली, आणि प्रात्यक्षिक वजा शेतकऱ्याचं नेहमीचं उत्पादन म्हणजे दुसरी. क्षमता ३० क्विंटल धरली तर वरच्या उदाहरणात तंत्रज्ञान तफावत ८ आणि विस्तार तफावत ५. एवढी देखभाल करूनही वाण स्वतःच्या क्षमतेच्या आठ क्विंटल खाली राहिला, म्हणजे तुमच्या भागातली जमीन किंवा पाऊस त्याला मानवत नाही. सलग तीन-चार वर्षांचे अहवाल घेऊन हा आकडा बघा. तो कमी होत नसेल तर त्या वाणाचं प्रात्यक्षिक पुन्हा पुन्हा का घेतात, हा तुमच्या साप्ताहिकाला छान विषय आहे.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येऊ, वाणांकडे.

‘वाण प्रसारित’ या शब्दामागे एक लांब वरात असते. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात एखादी ओळ, म्हणजे होऊ घातलेला वाण, आधी एक वर्ष प्राथमिक चाचणीत आणि मग सहसा दोन वर्षं प्रगत चाचण्यांत जाते. (समन्वित प्रकल्पांची ही पद्धत १९५७ साली मक्यापासून सुरू झाली.) महाराष्ट्रातल्या चार विद्यापीठांचा वाण असेल तर तो आधी विद्यापीठाच्या बैठकीत, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे शिफारशी तपासणाऱ्या संशोधन समितीच्या बैठकीत, मांडला जातो. नंतर राज्य वाण प्रसारण समिती, नंतर केंद्रीय उपसमिती, आणि शेवटी १९६६ च्या बियाणे कायद्याच्या कलम ५ खाली राजपत्रात अधिसूचना. अधिसूचना झाल्याशिवाय त्या वाणाच्या बियाण्याला प्रमाणित म्हणून टॅग लावता येत नाही. या प्रत्येक पायरीला अहवालाच्या भाषेत ‘प्रसारित’ म्हणायची मुभा कुणीतरी घेतोच. ॲग्रेस्कोने मान्यता दिली ते वर्ष, राज्याने शिफारस केली ते वर्ष आणि राजपत्रात आला ते वर्ष, अशा तीन अहवालांत एकच वाण तीनदा जन्मलेला मी पाहिलाय. शिवाय दोन संस्थांनी मिळून काढलेला असेल तर तो दोघांच्याही यादीत. म्हणून बेरीज करू नका. वाणाचं नाव घ्या, अधिसूचनेची तारीख घ्या आणि त्या तारखेपासून पुढे चाला.

पुढे म्हणजे कुठे? बियाण्याच्या साखळीत. पैदासकार बियाणं (वाण काढणाऱ्यांच्या देखरेखीत तयार होणारं मूळ बियाणं), त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. प्रत्येक पायरीला किमान एक हंगाम. सोयाबीनचा ढोबळ हिशेब मांडून दाखवतो. हेक्टरी ६५ किलो बियाणं लागतं. एक क्विंटल पैदासकार बियाणं दीड हेक्टरवर पेरलं, चाळणी-प्रतवारी होऊन हेक्टरी तेराएक क्विंटल हाती लागलं, तर वीस क्विंटल पायाभूत बियाणं झालं. ते वीस क्विंटल तीस हेक्टरवर पेरा, चारशे क्विंटल प्रमाणित. त्यातून पेरणी होईल सुमारे सहाशे हेक्टरांवर. म्हणजे पैदासकाराने एक क्विंटल काढलं की सगळं नीट पार पडल्यावर तिसऱ्या वर्षी सहाशे हेक्टर. महाराष्ट्रात सोयाबीन साधारण पन्नास लाख हेक्टरवर आहे. नव्या वाणाचं पैदासकार बियाणं दहा-बारा क्विंटल काढलं असेल तर ते राज्यभर कुठे दिसणार? आणि सोयाबीन हे वेडं पीक, काढणीला पाऊस आला की उगवण पडते, प्रमाणित म्हणून ठेवलेला लॉट सरळ तेलाला जातो. ते नुकसान अहवालात येतच नाही.

यासाठी तुम्हाला जो कागद हवा तो वार्षिक अहवालात नसतो. राज्याचा कृषी विभाग, महाबीज, राष्ट्रीय बीज निगम वगैरे मंडळी आपापली पैदासकार बियाण्याची मागणी नोंदवतात. आमच्यात तिला इंडेंटच म्हणतात. ती केंद्राकडे जाते, तिथून आयसीएआरमार्फत पैदास केंद्रांना वाटून दिली जाते. मग बीएसपी नावाची क्रमांकवार प्रपत्रं भरली जातात. बीएसपी-१ मध्ये कुणी किती काढायचं ते, बीएसपी-४ मध्ये प्रत्यक्ष किती निघालं ते. संशोधन केंद्रावर बसलेल्या माणसाला आपल्या वाणाची खरी किंमत इंडेंट आल्यावर कळते. ॲग्रेस्कोत टाळ्या पडलेल्या वाणाला इंडेंट शून्य, हा अनुभव आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी घेतलाय. त्याहून वाईट म्हणजे बियाणं काढून ठेवायचं आणि ज्याने मागितलं त्याने उचल करायची नाही. मग ते धान्याच्या भावाने विकायचं. तुम्ही माहिती अधिकारात एकच अर्ज करणार असाल तर तो असा करा: गेल्या पाच वर्षांत अमुक पिकाचं वाणनिहाय पैदासकार बियाणं किती मागितलं, किती निघालं आणि किती उचललं. तीन रकाने, पाच ओळी. यापेक्षा लांब अर्ज केलात तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने’ असं उत्तर येईल.

आता जेएस ३३५. हा मध्य प्रदेशातल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा वाण, १९९४ साली अधिसूचित झालेला. परभणीचे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२, कसबे डिग्रजचे केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम आणि केडीएस ७५३ म्हणजे फुले किमया, अशी नंतर कितीतरी नावं आली आणि त्यातली काही चांगली पसरलीही. पण तुम्ही गावात ‘बियाणं कोणतं’ विचारता तेव्हा मिळणाऱ्या उत्तरावरही फार विसंबू नका. सोयाबीन स्वपरागी, त्यामुळे लोक घरचंच राखून पेरतात, सोयऱ्याकडून आणतात, आणि नाव विसरून जातात. एका शेतात मला पठ्ठ्याने ठासून जेएस ३३५ सांगितलं. खाली बसून शेंग हातात घेतली तर तिच्यावर लव. जेएस ३३५ ची शेंग गुळगुळीत असते. त्याच्याकडे कुणाचा तरी नवा वाण होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. हे क्षेत्र ना बियाणं विक्रीत दिसतं, ना विद्यापीठाच्या अहवालात. विद्यापीठाचं यशही कधीकधी असं बेपत्ता असतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

उलटं उदाहरण रब्बी ज्वारीचं. मालदांडी ३५-१ हा मोहोळचा निवड पद्धतीचा वाण, स्वातंत्र्याच्याही आधीचा. त्यानंतर राहुरीने फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा दिले, परभणीने परभणी मोती, परभणी ज्योती दिले. प्रत्येकाच्या पुढे ‘मालदांडीपेक्षा इतके टक्के सरस’ लिहिलेलं असतं, आणि चाचणीत ते खरंच तसं असतं. पण सोलापूरकडचा माणूस आधी कडबा बघतो, मग दाण्याची चकाकी, मग भाकरी. कडब्याचा रकाना आता असतो, भाकरीच्या चवीचेही गुण देतात, पण वर जाणाऱ्या गोषवाऱ्यात शेवटी एकच आकडा उरतो, हेक्टरी दाणा. तुलना ज्याच्याशी केली तो वाण कोणता, हेही बघायची सवय लावा. तुलनेचा वाण पन्नास वर्षांपूर्वीचा असेल तर ‘सरस’ ठरायला फार कष्ट पडत नाहीत. मालदांडीच्या बाबतीत मात्र तो अजून शेतात आहे म्हणून तुलना रास्त आहे.

११ ऑगस्ट २०२४ ला दिल्लीत पुसाच्या (भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या) आवारात पंतप्रधानांच्या हस्ते ६१ पिकांचे १०९ वाण प्रसारित झाले. ३४ शेतपिकं आणि २७ फळं-भाज्या-फुलं वगैरे. बातमीत १०९ हाच आकडा राहिला. मी असतो तर ती यादी घेऊन तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या असत्या: कोणते वाण महाराष्ट्रासाठी शिफारस केलेले आहेत, त्यातल्या कोणत्यांचं पैदासकार बियाणं पुढच्या वर्षीच्या वाटपात आहे, आणि फळपिकांत मातृवृक्ष कुठल्या रोपवाटिकेत आहेत. आंब्याच्या, काजूच्या वाणाला तर बियाण्याची साखळीच नाही. तिथे कलमं किती बांधली जातात यावर सगळं अवलंबून. ही यादी करायला एक दुपार पुरते, आणि ती कुणी केलेली माझ्या वाचनात आली नाही.

संयुक्त ॲग्रेस्कोबद्दल थोडं, कारण तुम्ही बातमी तिथूनच उचलता. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठं आळीपाळीने यजमान असतात. तीन दिवस विषयवार गट बसतात आणि एकेक शिफारस सोलून काढतात. बाहेरून सोहळा वाटतो, आत मात्र मजबूत खणाखणी चालते. तीन वर्षांचा डेटा दोनच ठिकाणचा का, सी.डी. (फरक खरा मानायला लागणारी किमान तफावत) लागत नसताना फरक कसा म्हणता, नफा-खर्च गुणोत्तर मजुरीच्या कुठल्या दराने काढलं. मी तरुण असताना माझी एक तुरीची शिफारस एका संख्याशास्त्रज्ञाने दीड मिनिटात पाडली होती. तेव्हा फार राग आला. पुढे दोन वर्षं आणखी प्रयोग घेतले, तेव्हा कळलं की फरक जमिनीच्या चढ-उताराचा होता. या खणाखणीचं इतिवृत्त निघतं. वार्षिक अहवालात फक्त मान्य झालेल्या शिफारशी येतात, इतिवृत्तात नाकारलेल्या आणि ‘आणखी एक वर्ष घ्या’ म्हणून परत पाठवलेल्याही असतात. अहवाल आणि इतिवृत्त यांत निवड करायची झाली तर इतिवृत्त मागा.

आणि एक अगदी घरगुती चाचणी. विद्यापीठं दरवर्षी शेतकऱ्यांसाठी डायरी काढतात, राहुरीची कृषिदर्शनी, अकोल्याची कृषी संवादिनी, तशा. ती विकत घेतली जाते, हातात राहते, म्हणून तिच्यात जागेची मारामारी असते. दहा वर्षांपूर्वीच्या अहवालातल्या शिफारशी घ्या आणि यंदाच्या डायरीत त्यातल्या किती टिकल्या ते बघा. गळालेल्या शिफारशींबद्दल कुठेही घोषणा होत नाही, त्या नुसत्या गायब होतात.

पैशाकडे वळू. आयसीएआर १९२९ ची, शाही कृषी आयोगाच्या शिफारशीतून निघालेली, संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली. डेअर हा केंद्र सरकारचा विभाग, डिसेंबर १९७३ चा. आयसीएआरचा महासंचालक हाच डेअरचा सचिव असतो. म्हणून अहवालही दोघांचा मिळून एकच निघतो. यात गैर काही नाही, पण अहवाल देणारा आणि घेणारा एकाच खुर्चीत बसलेला आहे हे वाचताना ध्यानात ठेवावं. अशा वेळी तिसऱ्याने मागवलेले कागद जास्त बोलतात. डेअरची अनुदानाची मागणी अर्थसंकल्पात ‘मागणी क्रमांक २’ म्हणून असते. २०२४-२५ ला ती साधारण ९,९४१ कोटी रुपये होती. एवढा आकडा छापून थांबू नका. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने असतात, ते वेगवेगळ्या वर्षांच्या कागदांतून एका ओळीत आणा. आणि त्या कोटींतले पगार-पेन्शन बाजूला काढा. प्रयोगशाळेतलं रसायन, शेतावरचा मजूर, प्रवासभत्ता यांना जे उरतं तेच संशोधनाचं बजेट. राज्याच्या विद्यापीठांत तर हे आणखी ठळक दिसतं. समन्वित प्रकल्पांत ७५ टक्के आयसीएआर आणि २५ टक्के राज्य असा वाटा असतो. राज्याचे पंचवीस वेळेवर आले नाहीत की केंद्रावरचा पंप दुरुस्तीविना पडून राहतो आणि त्या वर्षीचा प्रयोग ‘अपुऱ्या पावसामुळे’ वाया गेल्याची नोंद होते.

रिक्त पदांचा तक्ता अहवालाच्या अगदी मागे असतो: मंजूर, भरलेली, रिक्त. तो बघाच. पण त्याहून बोलका प्रयोग म्हणजे प्रकल्प प्रमुखांच्या यादीत एकच नाव किती वेळा येतं ते मोजणं. माझ्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे एका गृहस्थांकडे मूळ पदाशिवाय चार कार्यभार होते. चारही अहवालांवर सही त्यांचीच, आणि चारही ठिकाणी प्रगती समाधानकारक. कागदावर आमचं विद्यापीठ भरलेलं दिसायचं.

शिक्षणाचा भाग मी आटोपता घेतो, कारण तिथले आकडे त्या मानाने सरळ आहेत. प्रवेश क्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, उत्तीर्ण. घटक महाविद्यालयं आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं यांचे आकडे एकत्र दिले असतील तर ते आधी सुटे करून मागा, चित्र पार बदलतं. आयसीएआरच्या अधिस्वीकृतीची मुदत कधी संपते तेही विचारा, कारण अहवालात ‘अधिस्वीकृती प्राप्त’ एवढंच असतं, तारीख नसते. रावे या ग्रामीण कार्यानुभवाच्या उपक्रमाखाली विद्यार्थी गावात राहतात, त्याची आकडेवारी मोठी देखणी असते. चावडीसमोर रांगोळीने काढलेल्या गावाच्या नकाशाचा फोटो तुम्ही प्रत्येक अहवालात बघितला असेल. पोरं खरंच गावात राहिली की तालुक्याच्या गावी खोली करून सकाळी मोटरसायकलवर आली, हे त्या फोटोतून कळत नाही. ते ज्या घरी जेवत होते त्या घरी विचारलं तर कळतं.

आता तिसऱ्याने मागवलेले कागद. आयसीएआरसारख्या संस्थांचा वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, संसदेच्या पटलावर यावेत असा दंडक आहे. उशीर झाला तर उशिराची कारणं सांगणारं निवेदनही ठेवावं लागतं. एक पानाचं असतं, जरूर वाचा. पण माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीचा कृती अहवाल. समिती आधी अनुदानाच्या मागण्यांवर अहवाल देते, विभाग त्यावर उत्तरं पाठवतो, आणि मग समिती त्या उत्तरांवर अहवाल काढते. त्याची पाच प्रकरणं ठरलेली. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही अशा, आणि पाचव्यात अंतिम उत्तर अजून यायचंय अशा. घाई असेल तर थेट चौथं प्रकरण उघडा. तिथे शिफारस आणि सरकारचं उत्तर एकाखाली एक मिळतात, आणि ते उत्तर का पटलं नाही हे समितीने पहिल्या प्रकरणात लिहिलेलं असतं. संशोधनावर शेतीच्या उत्पन्नाच्या निदान एक टक्का खर्च व्हावा, पदं भरावीत, या जुन्या तक्रारी तुम्हाला तिथे वर्षानुवर्षं फिरताना दिसतील. राज्यात एवढी शिस्तबद्ध सोय नाही, पण विधिमंडळातले तारांकित प्रश्न आणि महालेखापालांचे अहवाल हाताशी असू द्या. पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेकडे चारही विद्यापीठांची माहिती एकत्र येते, त्यामुळे चार ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा तिथे एक करून बघा.

तुमच्या सोयाबीनच्या बातमीसाठी मात्र मी कागदांच्याही आधी एक काम सांगेन. परभणीच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे, त्या दिवशी खरीप मेळावा असतो आणि बियाणं विक्री सुरू होते. व्यासपीठाकडे जाऊ नका. पहाटेच पोचा आणि विक्री केंद्रासमोरच्या रांगेत उभे राहा. हिंगोलीचा, नांदेडचा, लातूरचा माणूस रात्रीच येऊन पिशवी ठेवून नंबर लावून बसलेला असतो. त्याला विचारा कोणता वाण घ्यायला आलाय आणि माणशी किती बॅगा देतात. मग खिडकीवरच्या माणसाला विचारा की कोणता वाण किती वाजता संपला. ती वेळ वहीत लिहून घ्या, आणि त्याच वाणाचा बीएसपी-४ चा आकडा मागवा.